भांग रुंद होतोय, काय करू?

या वेळी केसांचे प्रश्न इतके आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकासाठी ठेवावे लागले. आणि बहुतेक प्रश्न विशी-पंचविशीतल्या मुलींचे आहेत, वाचताना खरंच वाईट वाटलं. सगळ्यांना आधी एकच सांगते, केस गळणं हा एकच एक आजार नाहीये. चार-पाच वेगवेगळ्या कारणांनी केस गळतात आणि वरून सगळं सारखंच दिसतं, त्यामुळे कारण न शोधता बाटली आणून लावायला लागलं की पैसे तर जातातच पण वेळ जातो, आणि काही प्रकारांत तो वेळ परत मिळत नाही.

प्रश्न : वय २४. गेला महिनाभर केस धुताना मूठभर केस हातात येतात, उशीवर केस, कंगव्यात केस, फरशीवर केस. शॅम्पू तीनदा बदलून झाला. घरात कोणालाच टक्कल नाही. मध्ये खूप ताप येऊन आजारी पडले होते पण त्याला आता तीन महिने होऊन गेले, आणि तेव्हा तर काहीच गळत नव्हते. मला टक्कल पडणार का हो मॅडम?

नाही पडणार. आणि ज्या तापाचा काही संबंध नाही असं तुला वाटतंय ना, तोच यामागे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के कुठल्याही वेळी वाढत असतात, ही वाढ २ ते ६ वर्षं चालते, मग तो केस थांबतो, जवळजवळ तीन महिने नुसता जागेवर बसून राहतो आणि मग गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणं हे नॉर्मलच आहे. पण जोराचा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, खूप रक्त जाणं, वजन कमी करायला केलेलं कडक डाएट, मोठा मानसिक धक्का, असं काही झालं की शरीर एकदम भरपूर केसांची वाढ थांबवतं. ते सगळे केस मग दोन-तीन महिन्यांनी एकत्रच गळायला लागतात, तोपर्यंत आपण ताप विसरून गेलेलो असतो आणि दोष शॅम्पूला देतो. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात.

गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो तो बघून मुळासकट केस आला असं वाटून बऱ्याच जणी घाबरतात. ते मूळ नाही, विश्रांती संपलेल्या केसाचं टोक आहे, खरं मूळ आत जिवंत असतं आणि तिथूनच नवीन केस येतो. हे गळणं बहुतेक वेळा तीन ते सहा महिन्यांत आपोआप कमी होतं. पण केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटरच वाढतो, त्यामुळे वेणी पूर्वीसारखी जाड वाटायला वर्ष किंवा जास्तही लागेल, तेवढा धीर धरावा लागेल. कपाळावर छोटे उभे राहणारे केस दिसायला लागले तर आनंद मान, ते नवीन आलेले आहेत. आणि गळतात म्हणून केस धुणं बंद करू नकोस, जे सुटलेत ते आज नाही तर उद्या पडणारच आहेत.

सहा महिन्यांनंतरही थांबलं नाही, किंवा पाळीत रक्तस्राव खूप होत असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची टीएसएच एवढ्या टेस्ट करून घे. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाचा अंदाज. हिमोग्लोबिन चांगलं असूनही फेरिटिन कमी असू शकतं, हे खूप वेळा निसटतं. केसांसाठी ते निदान ३० ते ४० च्या (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) वर असावं असं बरेच त्वचारोगतज्ज्ञ मानतात, आणि लॅबच्या रिपोर्टमध्ये त्याहून कमी आकडासुद्धा नॉर्मल म्हणून छापलेला असतो. पण टेस्ट न करता लोहाच्या गोळ्या सुरू करू नकोस, जास्तीचं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही.

प्रश्न : माझं वय २७. दोन वर्षांपासून भांग रुंद होत चाललाय, फोटोत टाळू चमकते. गंमत म्हणजे केस फार गळतात असं नाही. आईचे केस पण विरळ आहेत. डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल दिलं होतं पण लावल्यावर महिन्याभरात उलट जास्त गळायला लागले म्हणून घाबरून सोडलं. मैत्रिणी म्हणतात एकदा सुरू केलं की जन्मभर लावावं लागतं. काय करू?

तुमच्या वर्णनावरून हा वरच्या प्रश्नापेक्षा अगदी वेगळा प्रकार वाटतोय. यात केस गळून संपत नाहीत, ते बारीक होत जातात. प्रत्येक वेळी त्याच मुळातून येणारा नवा केस आधीपेक्षा पातळ आणि आखूड येतो, शेवटी लव उरते. बायकांमध्ये पुढची केसांची रेघ सहसा टिकून राहते आणि भांगाच्या दोन्ही बाजू विरळ होतात. १९७७ मध्ये लुडविग या त्वचारोगतज्ज्ञांनी याच्या तीन पायऱ्या पाडल्या, अजूनही डॉक्टर त्याच वापरतात. हे पन्नाशीतच होतं असं नाही, वयात आल्यावर कधीही सुरू होऊ शकतं. आनुवंशिकता आईकडूनही येते आणि वडिलांकडूनही, आणि घरात कोणालाच नसताना पण होतं.

आता मिनॉक्सिडिल. हे मुळात ब्लडप्रेशरच्या गोळीचं औषध, ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून डोक्याला लावून बघितलं गेलं. सुरुवातीच्या २ ते ८ आठवड्यांत केस जास्त गळतात हे खरं आहे, कारण विश्रांतीत बसलेले जुने केस नव्यांना जागा देत लवकर पडतात. म्हणजे तुम्ही सोडलं ते नेमकं चुकीच्या वेळी! मला राग याचा येतो की औषध देताना हे कोणी सांगत नाही, दोन मिनिटं लागतात सांगायला, आणि न सांगितल्यामुळे कितीतरी मुली पहिल्याच महिन्यात बाटली टाकून देतात. फरक दिसायला ४ ते ६ महिने लागतात, आणि उपयोग झाला की नाही हे ठरवायला वर्ष द्यावं.

जन्मभराचं म्हणाल तर हो, बंद केलं की काही महिन्यांत मिळालेला फायदा जातो. पण तेव्हा जे केस जातात ते औषध लावलं नसतं तर तसेही गेले असते. चष्मा काढला की धूसर दिसतं म्हणून चष्म्याने डोळे बिघडले असं आपण म्हणत नाही ना, तसंच आहे हे.

लावायची पद्धत नीट समजून घ्या. केसांना नाही, टाळूच्या कातडीला लावायचं, टाळू कोरडी हवी. २ टक्क्यांचं द्रावण दिवसातून दोनदा किंवा ५ टक्क्यांचा फोम एकदा. झोपायच्या निदान दोन तास आधी लावा, ओलं असताना झोपलात तर उशीवरून चेहऱ्याला लागतं आणि गालावर, कपाळावर लव वाढते (औषध थांबवल्यावर ती जाते, पण कोणाला हवीये). हात धुवा. घरात मांजर असेल तर फार जपा, मिनॉक्सिडिल मांजरांसाठी विषारी आहे, लावलेलं डोकं किंवा उशी तिने चाटली तरी जिवावर बेतू शकतं. आणि मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, गरोदरपणात हे चालत नाही.

यानेही भागलं नाही तर पोटातून कमी डोसचं मिनॉक्सिडिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन डॉक्टर देतात. स्पायरोनोलॅक्टोन पुरुषी हार्मोनचा परिणाम अडवतं, पण ते चालू असताना गर्भ राहता कामा नये, आणि ब्लडप्रेशर, पोटॅशियम यावर लक्ष ठेवावं लागतं. भावाच्या किंवा नवऱ्याच्या फिनास्टेराइडच्या (पुरुषांच्या टकलावरचं औषध) गोळ्या घेऊ का असं दोघींनी विचारलंय, अजिबात नको! गर्भ राहिला आणि तो मुलाचा असला तर त्याच्या जननेंद्रियांची वाढ बिघडू शकते.

एक साधं काम आजच करा, भांगाचा फोटो काढून ठेवा. दर तीन महिन्यांनी त्याच उजेडात, तसाच भांग पाडून परत काढा. रोज आरशात बघून काहीच कळत नाही, नुसतं मन खचतं.

प्रश्न : वय २१, पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर जाड केस, पिंपल्स आणि वरून केस विरळ. आधी कुठल्या डॉक्टरकडे जाऊ?

आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा हार्मोनचे डॉक्टर, आणि बरोबरीने त्वचारोगतज्ज्ञ. ही सगळी लक्षणं एकत्र आली की पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होणारा बीजांडकोशाचा त्रास) तपासायलाच हवं. टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, टीएसएच, साखर या टेस्ट होतील, गरज वाटली तर सोनोग्राफी. संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांग कारण त्यामुळे हार्मोनचे रिपोर्ट बदलतात. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी झाल्यानेही पाळीत बऱ्याचदा फरक पडतो, पण उपाशी राहून नाही, त्याने केस अजून गळतील. उपचार सुरू केल्यावर पिंपल्स आधी कमी होतात, केसांना सहा महिन्यांच्या वर लागतात, तेव्हा मध्येच सोडू नकोस. आणि हे सगळं दोन-चार महिन्यांत झपाट्याने वाढलं असेल, आवाज घोगरा झाला असेल, तर अजिबात थांबू नकोस.

प्रश्न : बायोटिनच्या गमीज घेते, सहा महिने झाले. फरक शून्य. डोस वाढवू का?

नको. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते आणि ती नसेल तर जास्तीच्या बायोटिनने केस येतात याला चांगला पुरावा नाही. उलट मोठ्या डोसमुळे थायरॉइडसारख्या रक्ताच्या टेस्ट चुकीच्या येतात, म्हणून टेस्टच्या आधी घेत असल्याचं सांगा आणि बंद करा. डबीवर अजून काय काय आहे तेही वाचा, व्हिटॅमिन ए आणि सेलेनियम जास्त झालं तर त्यानेच केस गळतात.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं. केसांचा अक्षरशः पूर आलाय. सगळे म्हणतात दूध पाजतेस म्हणून गळतात.

दूध पाजण्याचा दोष नाही, निश्चिंत मनाने पाजा. गरोदरपणात इस्ट्रोजेन जास्त असतं म्हणून जे केस एरवी गळले असते ते टिकून राहतात (तेव्हा केस छान दाट वाटतात ते त्यामुळेच), आणि बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांत ते राहिलेले सगळे एकदम जातात. बहुतेकींचं बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत सावरतं. मिनॉक्सिडिल आत्ता नको. पोटभर जेवा, प्रोटीन कमी पडू देऊ नका आणि खूप थकवा असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड बघून घ्या, बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणं बऱ्याच जणींना होतं आणि थकवा बाळामुळेच आहे असं समजून राहून जातं.

प्रश्न : मी १९ वर्षांची. डोक्यात मागच्या बाजूला नाण्याएवढी गोल चाई पडलीये. आजी म्हणते कीड लागली. कॉलेजला जायची लाज वाटते.

कीड नाही लागलेली, आणि ती कोणाला तुझ्यापासून लागणारही नाही. आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर हल्ला करते त्यामुळे हे होतं, मुळं मात्र मरत नाहीत. एक-दोन लहान चट्टे असतील तर बऱ्याच जणांचे वर्षभरात आपोआप भरून येतात. लवकर यावं म्हणून डॉक्टर चट्ट्यात स्टिरॉइडची छोटी इंजेक्शनं देतात, साधारण दर ४ ते ६ आठवड्यांनी. नवीन केस आधी पांढरे आले तर घाबरू नकोस, बहुतेक वेळा रंग नंतर येतो. डोकं मोठ्या प्रमाणात रिकामं होत असेल तर आता बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आहेत, अमेरिकेत २०२२ मध्ये या आजारासाठी त्यांना मान्यता मिळाली, पण त्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच, रक्त तपासत घ्यायच्या. चट्ट्यावर कोंड्यासारखे पापुद्रे, खाज, तुटके केस असतील तर मात्र ती बुरशी असू शकते, तिला पोटातून औषध लागतं, नुसत्या मलमाने जात नाही. तेव्हा एकदा दाखवून ये. लाज वाटण्यासारखं तू काहीही केलेलं नाहीस. मागचे केस सैल बांधून चट्टा झाकला तरी चालेल, त्याने काही बिघडत नाही.

प्रश्न : वय ३१. नोकरीत रोज घट्ट अंबाडा बांधावा लागतो. कपाळाच्या दोन्ही कडांचे केस मागे गेलेत. अलीकडे टाळूवर एका जागी आग होते, तिथली कातडी गुळगुळीत चमकते. तेल लावून बघू का?

इथे मी दोन गोष्टी वेगळ्या करते. कडांचे केस सततच्या ओढीने गेलेले असणार. अंबाडा सैल बांधा, जागा बदलत राहा, घरी आल्यावर लगेच सोडा. लवकर थांबवलं तर हे केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढ चालू राहिली तर मुळं कायमची जातात.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. आग होणं, दुखणं, लालसरपणा आणि केसांची छिद्रंच न दिसणारी चमकदार कातडी, हे व्रण तयार करणाऱ्या केसगळतीचं लक्षण असू शकतं, उदाहरणार्थ लायकेन प्लॅनोपिलारिस. यात मुळांच्या जागी व्रण येतो आणि गेलेला केस परत येत नाही, औषधाने फक्त पुढचं नुकसान थांबवता येतं. तेलाने यात काही होणार नाही. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या, आग होते ती नेमकी जागा त्यांना बोट लावून दाखवा. डर्मोस्कोपने (कातडी मोठी करून दाखवणारं भिंग) टाळू बघून त्यांना शंका आली तर ते बायोप्सी सुचवतील, साधारण ४ मिलिमीटरचा तुकडा, जागा बधिर करून काढतात, एखाद-दोन टाके पडतात. बायोप्सी म्हटलं की लोक कॅन्सर समजतात, इथे ती फक्त मुळांशी काय चाललंय ते बघायला असते. नाही म्हणू नका.