तेच तेच शब्द

प्रिय भगिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोळा वर्षांच्या मुलाचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणारा संस्कार, झालं आणि शेवटचा पेपर देऊन सुटावं तसा तो प्रार्थनेतून मोकळा झाला. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघताना भांडण ठरलेलं. रात्री रोझरीला, म्हणजे माळेच्या मण्यांवर मरियामातेची प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणायला, बसला तरी मांडीवर मोबाइल. एकदा त्यानं विचारलं, "तेच तेच शब्द त्रेपन्न वेळा म्हणून देवाला काय मिळतं?" आणि तुम्ही "देवाची थट्टा करू नकोस" म्हणून त्याला गप्प केलंत. पंधराव्या वर्षी गेलेल्या संत कार्लो आकुतिसचं उदाहरण दिलंत, तर भरल्या ताटावरून उठून गेला. मिस्टर म्हणतात सक्ती करू, तुम्हाला वाटतं सोडून द्यावं. दोघांपैकी बरोबर कोण, असं विचारलंय.

मी मात्र त्या 'त्रेपन्न'पाशी थांबले. मोजलंय हो त्यानं! पाच दशकांचे, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांचे, पन्नास आणि सुरुवातीचे तीन. ज्याला कशाचंच काही पडलेलं नाही, तो मोजत बसत नाही. त्यानं थट्टा केली नाही, प्रश्न विचारला. आणि तो अनुत्तरित राहिलाय, म्हणून आधी त्याच्याकडेच वळू.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढा. प्रभूची प्रार्थना शिकवण्याच्या अगदी आधी येशू सांगतो, की उगाच बडबड करू नका, पुष्कळ बोललं म्हणजे देव ऐकतो असं नाही. म्हणजे तुमचा मुलगा जे बोलला त्याला शुभवर्तमानातच आधार आहे. "तुझा मुद्दा खरा आहे, मी तुला गप्प करायला नको होतं," एवढं त्याला सांगा. आईनं असं म्हटलेलं मुलं विसरत नाहीत.

मग त्याच शुभवर्तमानाचा सव्विसावा अध्याय वाचा. गेथशेमानेची बाग, अटकेची रात्र. येशू तीनदा बाजूला जाऊन प्रार्थना करतो आणि मत्तय आवर्जून लिहितो, की तिसऱ्या वेळीही तो तेच शब्द बोलला. जीव घाबरा झालेल्या माणसाला नवे शब्द सुचत नाहीत. दवाखान्याच्या बाकावर रात्र काढणारी बाई "देवा, सांभाळ" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणते, तिला कोणी बडबडी म्हणत नाही. रोझरीत मण्यांबरोबर ज्या प्रसंगांचं मनन करतात त्यांना रहस्यं म्हणतात, आणि दुःखाच्या रहस्यांमधलं पहिलं रहस्य याच रात्रीचं आहे. दोन्ही उतारे त्याच्या शेजारी बसून वाचा आणि पुस्तक मिटा. समजावू नका. त्याला काय वाटतं ते त्याचं त्याला बोलू दे, आज नाही तर आठवड्यानं.

आता तुमच्या घरातली रोझरी. तुम्हीच लिहिलंय, पंधरा मिनिटांत उरकते, हातात माळ आणि नजर घड्याळावर. मुलाला तेच दिसतं. महिनाभर एकच दशक म्हणून बघा. पण त्याआधी प्रत्येकानं एक माणूस किंवा एक काळजी मोठ्यानं सांगायची, आणि पहिल्यांदा बाबांनी. "ऑफिसात माझं काही खरं दिसत नाही, भीती वाटते," असं बापाच्या तोंडून ऐकल्यावर पुढचे दहा मणी वेगळेच लागतात. मुलगा म्हणाला "पास", तर पास. चारही मोबाइल दुसऱ्या खोलीत, तुमचाही. दशकानंतर मिनिटभर शांतता, की उठा. रंगात आलात तरी वाढवू नका.

आणि रोझरी जड जाते याची लाज त्यालाही नको, तुम्हालाही नको. बाळ येशूची संत तेरेझा पंधराव्या वर्षी मठात गेली. तिनंही कबूल केलंय की रोझरी म्हणणं तिला फार कठीण जायचं, प्रार्थनेत झोपही लागायची. तिला १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी धर्मपंडित, म्हणजे साऱ्या चर्चची शिक्षिका, म्हणून घोषित केलं.

सक्तीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रविवारची मिस्सा हे चर्चनं कॅथलिकांवर घातलेलं बंधन आहे, रोझरी ही भक्ती आहे. तुम्ही दोन्हींसाठी सारखाच जोर लावता, म्हणून तो दोन्हींपासून पळतो. रोझरीत त्याला सूट द्या. मिस्सा मात्र घराची रीत म्हणून राहू दे: निघायची वेळ सांगायची, भाषण द्यायचं नाही. हवं तर त्यानं मित्रांबरोबर दुसऱ्या वेळेच्या मिस्साला जावं, तुमच्याच बाकावर बसायला हवं असं कुठे आहे? पापनिवेदनाला तर कधीच ढकलू नका. आणि गेलाच, तर फादरांना काय सांगितलंस, हे चुकूनही विचारू नका.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, १९६३ मध्येच उपासनेत सर्वांनी पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय भाग घ्यावा असं सांगितलं. आपण पोरांना मात्र मागच्या बाकावर बसवून "हलू नकोस" म्हणतो! तुमचा मुलगा गिटार वाजवतो असं पत्रात ओझरतं आलंय. गायनवृंदाच्या सरावाला त्याला बोलवावं, असं फादरांना सुचवून ठेवा. बोलावणं त्यांच्याकडून जाऊ दे, तुमच्याकडून नको. मिस्सात बायबलचं वाचन करायला मिळालं तर आणखी छान. जो उतारा सगळ्यांसमोर वाचायचाय, तो आधी घरी चारदा वाचावाच लागतो.

कार्लोबद्दल एक राहिलं. हा मुलगा २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं पंधराव्या वर्षी गेला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित झाला. तुमच्या मुलापेक्षा लहानच. म्हणूनच तुलना झोंबली. पण त्याची आई काय सांगते, ठाऊक आहे? कार्लोच्या जन्माआधी ती स्वतः आयुष्यात तीनदाच मिस्साला गेली होती. तिला चर्चकडे नेलं ते त्या पोरानं, त्याच्या प्रश्नांनी. तिला उत्तरं येईनात, म्हणून ती शिकायला लागली. कार्लोची गोष्ट पुन्हा सांगाल तेव्हा त्याच्या आईपासून सुरुवात करा.

तेरा वर्षांच्या मुलीवर तुमच्या पत्रात एकच ओळ आहे, "ती काही त्रास देत नाही, गप्प बसते." तिलाही विचारा, मनात काय चाललंय ते. भावाइतक्याच शांतपणे ऐका आणि मला पुन्हा लिहा.

तुमची,
ताई