'अविवेकी निकाल' की 'अवाजवी कौल'?

मेलबर्नचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल जॉर्ज पेल यांच्यावरील बाल लैंगिक अत्याचाराच्या खटल्यावर मराठीत लिहिताना 'अनरीझनेबल व्हर्डिक्ट'ला 'ज्यूरीचा अविवेकी निकाल' म्हणावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी दोन्ही शब्द बदलेन.

निकाल न्यायाधीश देतात आणि त्याची कारणे लिहितात. ज्यूरी, म्हणजे खटला ऐकायला बसवलेले सामान्य नागरिक, 'दोषी' किंवा 'निर्दोष' एवढेच सांगते. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, 'कौल'. मूळ अरबी, अर्थ बोल, दिलेला शब्द. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा पाकळी उजवी पडली की डावी, एवढेच पाहतात. देवाला कोणी कारण विचारत नाही. मतदार देतात तोही कौलच.

'अविवेकी'ला मात्र माझा ठाम विरोध आहे. त्यात माणसांवर ठपका येतो, जणू ज्यूरीने आततायीपणा केला. 'अनरीझनेबल व्हर्डिक्ट'च्या मुद्द्यावर केलेल्या अपिलात तसा आरोप नसतो. पेल यांना ज्यूरीने २०१८ मध्ये दोषी ठरवले. २०१९ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तो कौल कायम ठेवला. ७ एप्रिल २०२० रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाच्या (तिथले हेच सर्वोच्च न्यायालय) सातही न्यायाधीशांनी एकमताने तो रद्द केला. पण तक्रारदार ज्यूरीला विश्वासार्ह वाटला, हे हायकोर्टाने गृहीतच धरले होते. प्रश्न एवढाच होता की, कॅथेड्रलमधल्या नित्याच्या प्रथेबद्दल बाकी साक्षीदारांनी जे सांगितले तेही जमेस धरले, तर ज्यूरीला वाजवी शंका यायला हवी होती की नाही?

ही 'वाजवी शंका' आपल्या कोर्टकचेरीच्या मराठीत रुळलेली आहे, म्हणून तिच्या जोडीला 'अवाजवी' शोभतो. भाडे अवाजवी म्हणजे जागेच्या मानाने जास्त. तसा पुरावा पेलू शकेल त्याहून जास्त सांगणारा कौल अवाजवी. व्हिक्टोरियाच्या कायद्यात अपिलाचे हे कारण सांगणाऱ्या वाक्याचा पुढचा भागही मग सोपा होतो: 'अवाजवी किंवा पुराव्याला न पेलणारा कौल'.

मात्र नौदल अधिकारी नानावटी यांच्यावर १९५९ मध्ये चाललेल्या खुनाच्या खटल्यासाठी हा शब्द उचलू नका. तिथे मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा 'निर्दोष' कौल दिला होता. तो न पटल्याने सेशन्स जज्जांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. अशा कौलाला इंग्रजीत 'पर्व्हर्स' म्हणतात आणि त्याचे 'विकृत' असे भाषांतर वाचून मला फार वाईट वाटते. तिथे 'पुराव्याच्या उलट जाणारा कौल' असे सरळ लिहावे.