रोज 15 मिनिटं कपालभाती करतो, पण चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात. अनुलोम-विलोम किती वेळ करावं?

चक्कर म्हणजे शरीर शुद्ध होतंय, असं कोणी सांगितलं असेल तर ते साफ चूक आहे. गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. जास्तीचा ऑक्सिजन भरला जातो हाही गैरसमजच. निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच पुरेसा असतो.

मुळात कपालभाती हा प्राणायामच नाही. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्यानंतर ती सहावी शुद्धिक्रिया म्हणून येते. प्राणायाम म्हणून कुंभकांचे, म्हणजे श्वास रोखण्याचे, आठ प्रकार वेगळे दिलेत. कपालभातीत जोर फक्त रेचकाला, म्हणजे श्वास सोडण्याला. ओटीपोट झटक्यात आत घ्यायचं आणि सैल सोडायचं, श्वास आपोआप आत येतो. तुम्ही बहुधा तोही ओढून घेताय, म्हणजे नकळत भस्त्रिका (श्वास घेणं आणि सोडणं दोन्ही जोराने) करताय, तीही 15 मिनिटं! एक तळवा छातीवर, दुसरा बेंबीखाली ठेवून बघा. वरचा हलता कामा नये. खांदे उडायला नकोत, चेहरा आक्रसायला नको. सेकंदाला एक या गतीने 20 ठोके, मग श्वास पूर्ववत होईपर्यंत थांबा. अशी 3 आवर्तनं नवख्याला भरपूर झाली. हजार ठोक्यांच्या चढाओढीला मी कायम विरोध करत आलोय, समोर कितीही मोठा योगशिक्षक असो.

अनुलोम-विलोम 10 मिनिटं करा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दुमडून अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीवर ठेवा. हाड संपतं तिथल्या मऊ भागावर, हलकेच. डावीने 4 अंक मोजत घ्या, उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा. आधी रेचक पूरकाइतकाच, म्हणजे श्वास घेण्याइतकाच, ठेवा. दोनेक आठवड्यांनी तो 6 अंक, जमलं तर पुढे 8. पुढचा श्वास घाईने ओढावा लागला, की रेचक झेपेना असं समजून एक अंक कमी करा. 1:4:2 (घेणं, रोखणं, सोडणं) या प्रमाणातला कुंभक पुस्तकात वाचून करू नका. सजगतेसाठी वेगळं काही लागत नाही. रेचक संपून पूरक सुरू होतो त्या सांध्यावर लक्ष ठेवा.

आणि हो, जेवणानंतर 3-4 तास जाऊ द्या. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार, काचबिंदू, गरोदरपण किंवा पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर कपालभाती नकोच. ती बंद करूनही चक्कर येत राहिली तर डॉक्टरांना दाखवा.