दोस्ताचं लग्न आहे? जॅकेट राहू दे, आधी काम पकड

भाऊ, प्रश्न वाचला. बाकीच्यांना समजावं म्हणून थोडक्यात मांडतो. गाव दारव्ह्याकडचं, बालवाडीपासूनच्या दोस्ताचं मे महिन्यात लग्न, नवरी देवळीकडची आणि लग्न नवरीच्या दारी. तू पुण्याला नोकरीत, सुट्टी चारच दिवस. दोस्त म्हणाला "तू माह्या बाजूनं उभा राहशीन", आणि तेवढ्यात सहा पोट्ट्यांचा ग्रुप बनला, सारख्या रंगाचे जॅकेट प्रत्येकी साडेतीन हजार, डीजे, आदल्या रात्री पार्टी. तुझं विचारणं असं की एवढं सगळं करावं का, आणि बाजूनं उभं राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय.

जॅकेटचं आधी उरकतो. मे महिन्यात यवतमाळ-वर्ध्याकडं पारा ४५ च्या आसपास राहते, त्यात ते चकचकीत सिंथेटिक कापड घालून डीजेपुढं नाचायचं म्हणजे फोटो चांगले येतात आणि माणूस आडवा होते. दुसरी गोष्ट, सहा जणात एक तरी पोट्टा असा राहतेच ज्याच्याजवळ साडेतीन हजार मोकळे नसतात आणि तो ग्रुपवर सगळ्यात आधी अंगठा दाखवते. बहुतेक करून गावात राहून शेती करणारा. कापसाचे पैसे कधीचेच वाटून गेलेले, बियाणं-खत पुढं उभं, मे महिन्यात शेतकऱ्याच्या घरी पैसा सगळ्यात कमी असते हे तुला सांगायला नको. पांढरा शर्ट प्रत्येकाकडं असते, लग्नघरून दुपट्टा-टोपी मिळतेच, तोच सारखा ड्रेस समजा. हे ग्रुपवर तू बोल, कारण तू पुण्याचा पगारवाला. तू नाही म्हटलं तर कोणी तुला कंजूस म्हणेल फारतर, तो गावातला नाही म्हटला तर त्याची इज्जत जाते.

आता बाजूनं उभं राहणं. हळद लागली की नवरदेव कामातून गेला. हातात कट्यार, तिच्या टोकाला लिंबू, एकट्याला कुठं जाऊ देत नाहीत, डोक्याला बाशिंग चढलं की मान वळवायचीही पंचाईत. आणि गंमत अशी की नेमकं तेव्हाच सगळं गाव त्यालाच विचारते. बॅंडवाला ॲडव्हान्स मागते, घोडीवाला म्हणते अर्ध्या तासात दुसरीकडं जायचं आहे, मावशी म्हणते माही बॅग कुठी ठेवली, आणि मोठ्या मामाचा फोन येते की आम्ही फाट्यावर उभे, घ्यायला कोणी आलंच नाही. हे प्रश्न त्याच्या कानापर्यंत पोचू न देणे, हे तुझं काम. त्याचा फोन हळदीच्या संध्याकाळपासून तुझ्या खिशात पाहिजे आणि उचलणाराही तूच. एक चेनवाली छोटी थैली घे, तिच्यात दहा, पन्नास, शंभरच्या सुट्या नोटा, सेफ्टी पिना, सुईदोरा, रुमाल, डोकं दुखायची गोळी. बाशिंगाचा दोरा ऐन वेळी ढिला होतेच, आणि तेव्हा तिथं असलेल्या पन्नास बायांपैकी एकीजवळही पिन नसते हे मी पाहिलेलं आहे.

पण हे सगळं दोस्ताला विचारून ठरवू नको, त्याला काही माहीत नसते. त्याच्या बाबांजवळ बस. सुट्टी मिळाली की पहिला फोन त्यांनाच कर आणि विचार, "काका, माझ्याकडं कोणतं काम देता?" ते म्हणतील "तू फक्त ये बाप्पा, मजा कर". ते ऐकून फोन ठेवायचा नाही. नेमकं विचार, गाडी कोण पाहते, जानोशावर, म्हणजे वऱ्हाड उतरते त्या जागी, कोण थांबते, आहेराच्या वहीवर कोण बसते, बिछायतवाल्याचे गादे-गंज, म्हणजे गाद्या-भांडी, मोजून परत कोण देते. यातल्या एखाद्या कामावर काका थोडं थांबतात, "ते पाहू मंग" म्हणतात. तेच काम मोकळं आहे, तेच घे. काकूला वेगळं विचार, कारण बायांकडच्या अडचणी काकांना ठाऊकच नसतात.

तुझ्या चार दिवसात बसणारं काम म्हणजे वऱ्हाडाची गाडी आणि जानोसा. दारव्ह्याहून यवतमाळ, कळंब करत देवळी, दोन-अडीच तासांचा रस्ता, पण वऱ्हाडाची गाडी कधी अडीच तासात पोचत नाही. कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे, तिथं आजीबाया उतरतोच म्हणणार, आणि एक आजी उतरली की मागून चाळीस लोक उतरतात आणि त्यातले दहा चहाच्या टपरीवर सापडतात. म्हणून काकांना आधीच सांगून ठेव की दर्शन परत येताना. चढताना नावांची यादी कर, परत निघताना तीच यादी वाचून दाखव, नाहीतर एखादं लेकरू किंवा एखादा बुढा तिकडंच राहून जाते. आणि जवळच्या गावचे लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून येतो म्हणतील, त्यांना हात जोडून नाही म्हण. ट्रॉली मालासाठी असते, उलटली तर माणसं जातात, आणि विम्याचे पैसे मिळायचीही मारामार होते.

जानोसा बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळेत देतात, उन्हाळ्यात ती रिकामीच असते, आणि आपल्या विदर्भात तर शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. आदल्या दिवशी नवरीच्या भावाला फोन लाव आणि तीनच गोष्टी विचार. प्यायचं पाणी किती कॅन, संडासात पाणी आहे का, आणि लाईन गेली तर कूलरचं काय. गोड बोलायचं. तू नवरदेवाकडचा म्हणून आवाज चढवला तर ते सगळं करतील, पण ती गोष्ट त्या पोरीला पुढं दहा वर्षं ऐकावी लागेल. नवरदेवाची आणि बायांची अशा दोन खोल्यांना कुलूप पाहिजे, कुलूप आपल्याच घरून न्यायचं, चावी तुझ्या करदोट्याला. दागिने, साड्या, आहेराची थैली सगळं तिथंच पडलेलं असते आणि परणं, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघालं की सगळे बाहेर.

परणं म्हणजे खरी परीक्षा. मारुतीचं दर्शन झालं, नवरदेव घोडीवर बसला, पुढं डीजे, आणि पत्रिकेत मुहूर्त अकरा वाजून काही मिनिटांचा. मारुतीपासून मांडव हाकेच्या अंतरावर असते आणि तेवढ्या रस्त्याला आपले पोट्टे दोन तास लावतात. घोडीवरचा तो गडी शेरवानी, शेला, बाशिंग, हार एवढं सगळं अंगावर घेऊन बसलेला, सावलीचा पत्ता नाही, खाली डांबर तापलेलं. मांडवात नवरीकडचे बुढे लोक सकाळपासून अक्षदा मुठीत धरून बसलेले, तांदूळ घामानं ओले होऊन हळदीचा रंग तळहाताला लागतो. नवरीनं सकाळपासून खाल्लेलं नसते. आणि इकडं प्रत्येक चौकात "अजून एक गाणं".

इथं कोणीतरी पाहिजे जो नाचता नाचता डीजे पुढं सरकवते. मधात उभं राहून "बंद करा" म्हटलं तर भांडण होते, म्हणून गाडीच्या ड्रायव्हरशी आधीच ठरवून ठेवायचं, मी हात वर केला की दहा पावलं पुढं. डीजे पुढं गेला की पोट्टे आपोआप त्याच्या मागं जातात, त्यांना कळतही नाही. मी एवढ्या लग्नांमध्ये पाहिलेला हा एकच उपाय आहे जो भांडणाशिवाय लागू पडते. नवरदेवाला पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, साखर-मीठ-लिंबू घातलेलं, बाटली एका पोट्ट्याच्या हातात कायम. आणि घोळक्यात कोणाचं डोकं गरगरायला लागलं, उलटी झाली, किंवा माणूस अंग तापून असंबद्ध बोलायला लागला तर "चढली असंन" म्हणून हसत बसू नका. सावलीत आडवा करा, कपडे ढिले करा, ओल्या दुपट्ट्यानं अंग पुसा, वारा घाला आणि सरळ दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. उष्माघात आणि दारू यातला फरक डॉक्टर करेल, आपण नाही.

दारूचा विषय निघालाच तर, तुमच्या ग्रुपमधल्या पार्टीवाल्याला एक सांग. देवळी वर्धा जिल्ह्यात येते आणि वर्धा दारूबंदीचा जिल्हा आहे, गडचिरोलीही तसाच. चंद्रपुरात २०१५ ला बंदी लागली ती २०२१ ला उठली, वर्ध्याची उठलेली नाही. यवतमाळात घेतलेली पेटी वऱ्हाडाच्या गाडीत टाकली आणि जिल्ह्याच्या सीमेवर तपासणी झाली तर बाया-लेकरांसकट गाडी उभी राहणार, मुहूर्त गेला तेल लावत. पार्टी करायचीच असेल तर लग्न उरकल्यावर, आपल्या गावात आल्यावर करा. आदल्या रात्री हळदीलाही रात्री १० नंतर स्पीकरला मनाई आहे, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम तसे आहेत, आणि गावात तक्रार करणारा एकजण असतेच.

मानपानाच्या वेळी तू जरा मागं राह. नवरीचा भाऊ कान पिळायला येते, साळ्या जोडे लपवतात, त्यात दोस्तांना वाटते आपण लय हुशारी दाखवावी, घासाघीस करावी. थैलीतून ठरलेले पैसे काढायचे, थोडी ओढाताण हसत-खेळत, आणि द्यायचे. पाचशे वाचवून कोणी आपलं घर मोठं केलेलं नाही.

आहेराच्या वहीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण दुसऱ्या दिवशी तुमच्या गावात जेवण आहे म्हणाला, तिथं तुला बसवतीलच. शिकलेला पोट्टा आणि पैशाला खरा, अजून काय पाहिजे. हे काम दिसायला सोपं आहे. पण ती वही म्हणजे त्या घराचं पुढच्या वीस वर्षांचं देणं असते, ज्यानं पाचशे एक लिहिले त्याच्या पोरीच्या लग्नात काका वही काढून पाहतील आणि त्याहून कमी नाही नेणार. म्हणून नुसतं नाव लिहू नको, गावात त्याच नावाचे चार जण निघतात. बापाचं नाव, गाव, आणि कोणाकडून आले ते, म्हणजे मामाकडचे, आत्याकडचे, शेतशेजारी. पाकीट हातात आलं की उघडून मोजून पाकिटावरच रक्कम लिही, "नंतर पाहू" म्हटलं की चिठ्ठी नसलेली रिकामी पाकिटं उरतात आणि संशय तुझ्यावर. आता तर लोक टेबलावरच फोनपे मारतात, त्यासाठी खातं काकांचंच पाहिजे, तुझं अजिबात नको, आणि ती रक्कमही वहीत चढली पाहिजे. बायांचे आहेर, म्हणजे साडी, भांडं, खण, त्याला वेगळं पान. पंगतीला बोलावलं तर वही उघडी टाकून उठायचं नाही, दुसरा माणूस बसला की मगच. रात्री सगळं मोजून, बेरीज करून, काका-काकू दोघांच्या समोर थैली द्यायची. एकट्या काकांना दिली की काकूला आकडा कधीच कळत नाही, बाकी तू समजदार आहे.

तुझ्या स्वतःच्या आहेराचं. जॅकेटचे साडेतीन हजार वाचले ना, त्यात थोडे घालून लग्नाच्या आधीच काकांच्या हातात दे, वहीत लिहायची घाई करू नको. लग्नाच्या दिवशी मिळालेले पाच हजार आणि आचाऱ्याला ॲडव्हान्स द्यायच्या दिवशी मिळालेले पाच हजार, आकडा एकच पण दुसरे जास्त कामाला येतात. गाडगे बाबा आपल्याच अमरावती जिल्ह्याचे, कर्ज काढून लग्न करू नका हे गावोगावच्या कीर्तनात सांगून गेले. फोटो सगळ्यांच्या घरी आहे, कर्जही सगळ्यांच्या घरी आहे. तुमच्या ग्रुपनं डीजेचा एक दिवस कमी केला तरी काकांचं ओझं थोडं हलकं होईल, आणि हे दोस्ताच्या तोंडून नाही निघणार, तुमच्याच तोंडून निघालं पाहिजे.

अजून एक छोटं. लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत होते, ९० दिवसांच्या आत करून घ्यायची, आणि तिथं तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. दोस्त तुलाच म्हणेल आणि तू तोपर्यंत पुण्याला. म्हणून आधारची झेरॉक्स आणि फोटो आताच देऊन ठेव, आणि सहीला कोणत्या दिवशी यायचं ते काकांना विचारून ठेव. पुढं बऱ्याच कामांत तो दाखला लागते.

आणि गाडी ठरली नसेल तर आधी ते बघ. एसटी डेपोत प्रासंगिक करारावर पूर्ण बस मिळते, अर्ज करून आगाऊ पैसे भरावे लागतात. लग्नाच्या दाट तिथीला सगळ्या तालुक्याला बस पाहिजे असते, तू पुण्यात आहे तर गावातल्या त्या शेतीवाल्या पोट्ट्याला डेपोत पाठव, पैसे तू टाक, आणि पावती काकांच्या फोनवर.