गुडघा हा विळीचाच एक भाग आहे

तुम्ही विचारलंय की रोजच्या वापरातल्या वस्तूंत, कलेत, इमारतींत सर्जनशील डिझाईन कशाला म्हणायचं, आपल्याकडच्या जुन्या वस्तूंना डिझाईन म्हणता येईल का की ती नुसती परंपरा, आणि हे शिकायला डिग्री लागते का. मधला प्रश्न वाचून राहवलं नाही. जवळजवळ याच शब्दांत माझा थोरला भाऊ २०१६ साली आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून बोलला होता. त्याच्या हातात आईची विळी होती. ती त्यानं त्याच दिवशी भंगारवाल्याला दिली.

मी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं बनवणाऱ्या खात्यात काम करतो. प्रेस टूल, जिग, फिक्स्चर (काम चालू असताना वस्तू जागेवर पक्की धरणारी साधनं) यांवर सव्वीस वर्षं पोट भरतोय. दादा पुण्यात इंटिरिअरची कामं घेतो आणि मन लावून करतो. त्या वर्षी त्यानं आमच्या घरचं किचन स्वतः उभं राहून मॉड्यूलर करून दिलं. ड्रॉवर आले, चिमणी आली, जमिनीवरचं सगळं उठलं. ‘विळी ही काय डिझाईनची वस्तू आहे का? सवय आहे ती. आता ओट्याशी उभं राहून सुरीनं चिरायचं,’ हे त्याचं म्हणणं. आई काही बोलली नाही. लग्नात आलेली विळी होती ती. सागवानी पाट, आणि गुडघा टेकून टेकून त्या जागी पडलेला गुळगुळीत खळगा.

२०१९ मध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला. सहा महिन्यांत ती काठी घेऊन चालू लागली, बोलणं सुधारलं, पण डावा हात काही परत आला नाही. सकाळी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायची आणि माझी बायको भाजी चिरत असताना नुसती तिच्या हाताकडे बघत राहायची. ते बघणं मला सोसवत नसे.

दादानं मायेपोटी दोरी ओढायचा चॉपर पाठवला. त्यात एका हातानं डबा दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं दोरी ओढायची. मग विजेवरचा पाठवला. त्यात भाजीचे मोठे तुकडे करून घालावे लागतात. ते तुकडे तिनं कशानं करायचे? सुरीलाही दोन हात लागतात, एक सुरीला आणि एक भाजीला.

एके दिवशी शॉपमध्ये बँडसॉवर एक पोरगा पट्ट्या कापत होता. पातं जागेवर, हात जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर. मी तिथंच उभा राहिलो. सुरीत हत्यार फिरतं, म्हणून जॉब कुणीतरी धरावा लागतो. विळीत हत्यारच धरलेलं असतं आणि जॉब फिरतो. म्हणजे विळी एका हातानं चालू शकते! आयुष्यभर फिक्स्चर बनवतोय आणि घरातलं सगळ्यात जुनं फिक्स्चर आम्ही भंगारात घातलं होतं.

संध्याकाळी येताना बाजारातून विळी घेऊन आलो. आता आईला खाली बसता येत नाही, म्हणून मुलाचं अभ्यासाचं लाकडी टेबल घेतलं. ओट्यावर बसवून पाहिली होती, पण तिथं पात्याचं टोक पार छातीच्या वर जातं, तो विचार लगेच सोडला. टेबल ओट्यापेक्षा बुटकं, आई खुर्चीत, टोक हनुवटीच्या बरंच खाली. पाट टेबलाला आवळून धरायचा क्लॅम्प तिच्या हाताला लागू नये म्हणून मी तो पलीकडच्या टोकाला, पात्याच्या बाजूनं आवळला. आईनं दोडका पात्यावर रेटला आणि तिच्या बाजूनं पाट उचलला गेला. आणखी आवळला तरी उचलला जाईच.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या कारण लक्षात आलं. विळीच्या पात्याची धार आपल्याकडे असते आणि आपण भाजी पुढं, आपल्यापासून लांब रेटतो. हा रेटा पाटाच्या वर चार-पाच इंचांवर बसतो, त्यामुळे पाट पुढच्या कडेवर टेकून आपल्याकडच्या बाजूनं उठायला बघतो. तो उठू नये म्हणून वजन नेमकं आपल्याकडच्याच टोकावर पाहिजे. खाली बसून चिरताना तिथं काय असतं? पाय, नाहीतर गुडघा. म्हणून पातं पाटाच्या पलीकडच्या टोकाला आणि बसायची जागा अलीकडे. तो गुडघा म्हणजे क्लॅम्प. जिथं लागतो तिथंच, खिळा नाही, स्क्रू नाही, जितका जोरात रेटाल तितका आपोआप घट्ट. आईच्या जुन्या पाटावरचा खळगा म्हणजे त्या क्लॅम्पची जागा होती. तिची खूण लाकडावर उमटलेली होती आणि आम्हाला ती झीज वाटली.

सकाळी क्लॅम्प अलीकडच्या कडेला लावला. पाट तसूभर हलला नाही. आईनं तीन भेंड्या एकत्र धरून चिरल्या, मग आणखी तीन. पण खांदा वाकडा करत होती. मी विचारलं तर म्हणाली, ‘सरळ न्हाई जात रे हात. पातं जरा इकडं वळीव.’ दोन हातांनी रेटताना जोर छातीच्या मधोमध सरळ जातो. एकट्या उजव्या हाताचा जोर उजव्या खांद्यातून तिरका येतो. मी पाटाखाली एक पट्टी घेतली, बोल्टच्या भोकाची लांबट खाच केली आणि पाट फिरवून हवा तिथं आवळता येईल असं केलं. तिनं स्वतः फिरवून फिरवून जागा ठरवली. नंतर कोनमापकानं मोजलं तर पंधरा अंशांच्या आसपास भरलं. टूलरूममध्ये हा कोन काढायला मी ड्रॉइंग काढलं असतं, तीन ट्रायल घेतल्या असत्या. तिनं खांद्यानं काढला.

खवणी काढून टाकणार होतो, टोकाला दाते कशाला म्हणून. ‘राहू दे,’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी नारळाची कवड एका हातात धरून खवली. त्या दिवसापासून घरात भाजी तीच चिरते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते रोजच्या वस्तूत डिझाईन आहे की नाही हे एकाच गोष्टीवरून ठरतं: ती बनवणाऱ्यानं माणसाचं शरीर हिशोबात धरलंय का? रंग, चकाकी, सुटसुटीत रेषा हे सगळं नंतर. विळीत शरीर इतकं धरलेलं आहे की माणूस उठला की वस्तू अर्धी होते. पातं वाकडं का, तेही बघा. सरळ धारेवर टोमॅटो नुसता दाबला तर चेंदतो. वाकड्या पात्यावर रेटताना तो धारेवरून घसरत जातो, दाबणं आणि ओढणं एकदम होतं, म्हणून कमी जोरात कापला जातो. आणि ही एका घरची हुशारी नाही. कोकणात आडाळी, बंगालमध्ये बोटी, कर्नाटकात ईळिगे मणे, तमिळनाडूत अरुवामणै, आंध्रात कत्तिपीट. बंगाली घरात मासळीची बोटी वेगळी ठेवतात. हे सगळं कुणी एकानं कागदावर काढलेलं नाही, हजारो बायकांनी वापरून वापरून घासून काढलेलं आहे. याला ‘नुसती परंपरा’ म्हणणं म्हणजे ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांच्या डोक्याला किंमत न देणं.

दादाला माझं ऐकायचं नसेल तर त्यानं परदेशी माणसांचं ऐकावं. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथं फिरलं आणि १९५८ मध्ये त्यांनी अहवाल दिला. देशभर पाहिलेल्या वस्तूंत सगळ्यात वरचं स्थान त्यांनी आपल्या साध्या लोट्याला दिलं. आणि पुढं प्रश्न मांडले ते कुठले? पाणी किती लागतं, हात बाईचा की पुरुषाचा, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा, ओतताना धार कशी पडते. सगळं शरीर! त्याच अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. म्हणजे या देशातलं डिझाईनचं औपचारिक शिक्षण लोट्यापासून सुरू झालंय, आणि आम्ही विळीला डिझाईन म्हणायला लाजतो. अमेरिकेतच १९९० मध्ये ऑक्सो कंपनीची जाड, मऊ मुठीची सोलणी आली. ती काढणाऱ्या सॅम फार्बरच्या बायकोला हाताच्या सांधेदुखीमुळे बारीक मुठीची सोलणी धरवत नव्हती, तिथून तो विचार सुरू झाला. दुखणाऱ्या एका हाताकडे नीट बघितलं तर सगळ्यांच्या उपयोगाचं काहीतरी निघतं. आमच्या विळीचंही तसंच झालं. वहिनींनी स्वतः फोन करून सांगितलं की त्यांना पण एक हवी, त्यांच्या कमरेला वाकणं सोसत नाही.

कलेबद्दल एकच सांगतो. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा आणि बंबावर, घागरीवर मठार मारताना बघा. ते ठोके लोक नक्षी समजतात. तापवून मऊ केलेला तांब्याचा पत्रा ठोक्या-ठोक्यानं कडक होतो, म्हणून पातळ असूनही भांड्याला लगेच पोचे पडत नाहीत. शोभा आणि ताकद एकाच हातोडीतून येते. वास्तूसाठी साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटेची विहीर बघा, काठावर मोटेच्या जागा आणि आत उतरल्यावर दगडी महाल. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही, तो माझा प्रांत नाही.

डिग्रीचं म्हणाल तर मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाईनचं शिक्षण आहे, अहमदाबादचं वर सांगितलंच. मिळत असेल तर जरूर घ्या. पण त्याआधी घरातली एक वस्तू घ्या आणि ती वापरणाऱ्या माणसाच्या शेजारी आठवडाभर गप्प बसा. हात कुठून निघतो, खांदा कधी वाकडा होतो, पाय काय करतोय, हे वहीत मांडा. आणि कुणी तुमच्या घरी किचन करायला आला तर त्याला पहिलं विचारा, ‘आमच्या आईनं बसायचं कुठं?’ मला भेटलेल्या एकाही कंत्राटदाराच्या ड्रॉइंगमध्ये स्वयंपाकघरात बसायची जागा नव्हती. गॅस आला, चूल ओट्यावर गेली, ते चांगलंच झालं, धुरातून आणि वाकण्यातून बायका सुटल्या. पण म्हणून बसून काम करणंच मागासलेलं ठरवायची काय गरज होती?

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हे वाचून कुणी लगेच आपल्या आईसमोर विळी ठेवू नका. अर्धांगवायूनंतर काहींना एका बाजूचं भान राहत नाही, काहींना त्या हाताला लागलेलं कळत नाही. आम्ही फिजिओथेरपिस्टला विचारून, पहिला महिनाभर कुणीतरी शेजारी बसून हे केलं. लुळा हात मांडीवरच ठेवायचा, टेबलावर नाही. काम झालं की पातं मिटायचं आणि धारेवर उभी चिरलेली रबरी नळी चढवायची. घरात लहान मूल असेल तर क्लॅम्प सोडून विळी वर ठेवायची. आणि सुरी वाईट असं माझं म्हणणं नाही, दोन्ही हात धड असलेल्यानं सुरी वापरावी, माझी बायकोही वापरते.

दादा हे वाचेल. आई यंदा दिवाळीला पुण्याला येणार आहे आणि विळी तिच्यासोबत पाठवतोय, पट्टी आणि क्लॅम्पसकट. दादा, तुझं जेवणाचं टेबल काचेचं आहे, त्याला क्लॅम्प लावायचा नाही. ती यायच्या आत एक लाकडी टेबल घेऊन ठेव, ओट्यापेक्षा बुटकं, आणि कडेखाली किमान दोन इंच मोकळी जागा असलेलं. खिडकीपाशी ठेव, तिला उजेड लागतो.