शॉकअप बदलूनही पुढची खडखड का जात नाही

तुम्ही म्हणताय की पिकप जुनी आहे, पुढचे दोन्ही शॉकअप नवीन टाकले तरी खड्ड्यात खडखड तशीच, सरळ रस्त्यावर गाडी भटकते आणि पुढचे टायर आतल्या कडेने खाल्लेत, आणि आता गॅरेजवाला म्हणतो पुढचं सगळंच बदलून टाका. थांबा जरा. शॉकअपचं काम स्प्रिंगच्या उड्या मारणं आवरायचं, चाकाला जागेवर धरून ठेवायचं नाही. ते काम बॉल जॉइंट (चाकाचा भाग आर्मला जोडणारा गोल सांधा), आर्मचे बुश (आर्म म्हणजे चाक चेसिसला धरणारा दांडा, बुश म्हणजे त्याच्या मुळाशी असलेलं रबर) आणि टाय रॉडचं (स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणारा दांडा). म्हणजे भटकणं आणि टायर खाणं शॉकअपने जाणारच नव्हतं. पण म्हणून सगळं बदला हेही मला पटत नाही, आधी प्ले (सांध्यातली ढिलाई) नक्की कुठे आहे ते शोधा, त्याला पैसे लागत नाहीत.

पहिली तपासणी जॅक न लावता. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चारही चाकं जमिनीवर, स्टिअरिंग लॉक काढून एकाला आत बसवा आणि स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायला सांगा, आणि तुम्ही वाकून एकेका जॉइंटवर बोट ठेवत जा. टाय रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा सांधा), पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सला लागलेला दांडा), आयडलर आर्म (समोरच्या बाजूचा तसाच दांडा), सगळीकडे दोन भाग एकत्रच हलायला हवेत. एक हलला आणि दुसरा उशिरा निघाला की तो जॉइंट गेला, डोळ्याला दिसलं नाही तरी बोटाला टक् असं लागतं.

बॉल जॉइंट बघताना मात्र लोक हमखास चुकतात, कारण जॅक कुठे लावला यावर सगळं आहे. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळी) खालच्या आर्मवर असेल (बऱ्याच पिकपमध्ये तसंच असतं) तर गाडीचं वजन खालच्या बॉल जॉइंटवर असतं. अशा वेळी चेसिसखाली जॅक लावून चाक उचललं तर स्प्रिंग आर्मला खाली दाबून धरते, जॉइंट ताणलेलाच राहतो आणि पार गेलेला असला तरी घट्ट वाटतो. जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितका जवळ जमेल तितका लावा, मग टायरखाली पहार घालून वर उचकटा. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर उलटं, वरचा आर्म आणि चेसिसच्या मध्ये लाकडी ठोकळा अडकवून चेसिसवर उचलायची. आणि पुढे अख्खा अ‍ॅक्सल आणि पाटे असतील तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती पिन) आणि शॅकलचे (पाट्याचं टोक धरणाऱ्या कडीचे) बुशही बघा.

मग चाक वर-खाली धरून हलवा. प्ले जाणवला की कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर तो व्हील बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटचा. ही एक गोष्ट केली नाही म्हणून चांगले बॉल जॉइंट काढून फेकलेले लोक पाहिलेत मी. थोडा प्ले काही गाड्यांमध्ये कंपनीच चालवून घेते, त्याची मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते, ती बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

बुशच्या रबरावर वरवर भेगा दिसल्या म्हणून घाबरू नका, पहारीने आर्म ढकलून बघा. मधली नळी एका बाजूला सरकलेली असेल किंवा रबर धातूपासून सुटलं असेल तरच बदला. स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी झुकणं आवरणाऱ्या दांडीची) लिंक बहुतेक आवाजच करते, तिचं काम नंतर केलं तरी चालतं. पण खालचा बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड खिळखिळा झाला असेल तर गाडी उभी करा, काम होईपर्यंत चालवू नका, बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं आणि टाय रॉड निसटला तर त्या चाकावर स्टिअरिंगचा ताबाच राहत नाही.

काम स्वतः करणार असाल तर स्प्रिंगला घाबरा, खरंच. बॉल जॉइंट सोडताना खालच्या आर्मखाली जॅक हवाच, चेसिस स्टँडवर हवी आणि नट पूर्ण न काढता दोन-चार आटे ठेवून मगच जॉइंट मोकळा करा, नाहीतर दाबलेली स्प्रिंग आर्मसकट सुटते. टॉर्शन बार असेल तर आधी तो सैल करा, बोल्ट किती फिरवला ते लिहून ठेवा. जॉइंट परत वापरायचा असेल तर दुतोंडी छिन्नीसारखं हत्यार घालू नका, रबर बूट फाटतो आणि मग माती आत जाऊन जॉइंट लवकर संपतो. नवीन जॉइंटचा निमुळता भाग आणि त्याचं भोक कोरडं स्वच्छ पुसा, तिथे ग्रीस नको. कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला नट) टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे कधीच सोडायचा नाही.

आता बुशबद्दल, कारण नवीन बुश लवकर फाटले अशी तक्रार सारखी येते. चाक लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट फायनल आवळले की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली उतरवली की ते कायम पिळलेलं राहतं. बोल्ट नुसते बसवून घ्या, गाडी चाकांवर उतरवा, पुढून चार वेळा दाबा आणि मग टॉर्क द्या. ग्रीस निपल असेल तर बूट किंचित फुगेपर्यंतच पंप मारायचा.

टाय रॉड एंड काढण्याआधी दिसणारे आटे मोजून ठेवा म्हणजे अलाइनमेंटपर्यंत (चाकांचे कोन जुळवून घेईपर्यंत) गाडी निदान सरळ जाईल. टॉर्शन बारची उंची अलाइनमेंटच्या आधी लावायची, नंतर लावली तर केलेलं सगळं बिघडतं. आणि आधीचे-नंतरचे आकडे छापून मागा. सगळे जॉइंट नवे असूनही एका बाजूचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) मर्यादेत येत नसेल तर त्या बाजूची स्प्रिंग बसलीय का, आर्म किंवा चेसिस वाकलीय का ते बघायला सांगा, तोपर्यंत नवीन टायर चढवू नका.