कवच, चिलखत की बख्तर?

टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायचा आणि कल्पित राज्यात घडणारा एक भूमिकाखेळ मित्रांसह मराठीत तयार करणाऱ्या एका वाचकांनी हा प्रश्न पाठवला आहे. नियमांच्या कच्च्या मसुद्यात त्यांनी योद्ध्याच्या संरक्षक पोशाखाचे तीन वर्ग केले असून हलक्या पोशाखाला ‘कवच’, मध्यमाला ‘चिलखत’ आणि जडाला ‘बख्तर’ अशी नावे दिली आहेत. त्यांच्या एका सहकाऱ्याचे म्हणणे मात्र असे की हे तिन्ही शब्द एकाच वस्तूचे आहेत. नियम वास्तवाला धरून असावेत, अशी दोघांचीही इच्छा आहे. ‘चेनमेल’ला, म्हणजे कड्या एकमेकींत अडकवून केलेल्या पोशाखाला, ‘साखळी चिलखत’ म्हणावे का आणि ‘आर्मर क्लास’ला, म्हणजे योद्ध्याचा बचाव किती पक्का हे सांगणाऱ्या खेळातल्या आकड्याला, मराठीत काय म्हणावे, हे त्यांचे आणखी दोन प्रश्न आहेत.

सहकाऱ्याचा आक्षेप बव्हंशी बरोबर आहे. कोशांत हे शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून येतात आणि त्यांच्यातील फरक वजनाचा नसून कुळाचा व वापराचा आहे. ‘कवच’ संस्कृतातून आलेला, आणि म्हणूनच त्याचा पैस मोठा: कासवाच्या पाठीला कवच असते, अंड्याला असते, कर्ण तर ते अंगावर घेऊनच जन्मतो, आणि रामरक्षेत ‘वज्रपंजरनामेदं यो रामकवचं स्मरेत्’ असे म्हणताना धातूचा संबंधही उरत नाही. ‘चिलखत’ फारसीच्या वाटेने आलेला आणि पुरता लौकिक शब्द आहे. ते कोणीतरी घडवते, कोणीतरी विकत घेते आणि ते गंजते. लष्करी गाडीला हिंदी ‘बख्तरबंद’ म्हणते, तर मराठी ‘चिलखती’ म्हणते, यावरून आजच्या मराठीत चालते नाणे कोणते, हे कळते. ‘बख्तर’ही फारसीच, पण आपल्या कानाला तो बखरीतला वाटतो. त्यामुळे कवच हलके आणि बख्तर जड, ही उतरंड खेळाडूला पाठ करावी लागेल. शब्द ऐकून ती आपोआप मनात उमटणार नाही.

मात्र एका बाबतीत ‘बख्तर’ला स्वतंत्र स्थान देता येईल. मोगलकालीन शस्त्रागारांच्या परिभाषेत नुसत्या कड्या एकमेकींत ओवून केलेल्या पोशाखाला ‘झिरह’ म्हणत, आणि त्या कड्यांच्या जाळ्यात पोलादी पट्ट्या बसवलेल्या प्रकाराला ‘बख्तर’. छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर चार स्वतंत्र पत्रे बांधले की तो ‘चार आईना’, म्हणजे चार आरसे. ही नावे वजनाची नसून घडणीची आहेत, आणि वास्तववादी नियमांना घडणच हवी असते. यातला ‘झिरह’ मराठीत आजही जिवंत आहे, फक्त आपल्याला तो ओळखू येत नाही: ‘जिरेटोप’ या शब्दातील जिरे फोडणीतले नसून हेच कड्यांचे जाळे आहे. आज जिरेटोप म्हटल्यावर शिवछत्रपतींच्या चित्रांतले शिरोभूषण डोळ्यांपुढे येते, म्हणून युद्धातल्या लोखंडी टोपासाठी खेळात हा शब्द वापरल्यास चित्रकार हमखास चुकीचे चित्र काढेल. तिथे ‘शिरस्त्राण’ किंवा साधा ‘टोप’ बरा. ‘बाजूबंद’चीही तीच गत आहे, शस्त्रांच्या परिभाषेत तो हाताच्या बचावाचा पत्रा असला, तरी मराठी वाचक त्याला दागिनाच समजेल. तिथे ‘दस्ताना’ चालेल. दांडपट्ट्याचा ‘खोबळा’ मात्र अवश्य घ्यावा, कारण त्यात मूठही येते आणि मनगटापुढच्या हाताचे रक्षणही, म्हणजे एकाच वस्तूला शस्त्राचा आणि बचावाचा असे दोन्ही नियम लावता येतात.

आता ‘साखळी चिलखत’. माझा या शब्दाला विरोध आहे. मराठीत साखळी एका रेषेत जाते. सोनसाखळी असो, दाराची असो वा बैलाची, तिला लांबी असते, पसारा नसतो. चिलखताच्या कड्या चारी बाजूंनी एकमेकींत अडकतात आणि त्यातून कापडासारखा पट तयार होतो, त्याला मराठीत ‘जाळी’ म्हणतात. गंमत अशी की मूळ इंग्रजी ‘मेल’ हा शब्दही फ्रेंचमार्गे लॅटिन ‘माकुला’कडे, म्हणजे जाळ्याच्या घराकडे जातो, ‘चेन’ त्याला फार उशिरा चिकटली. तेव्हा ‘जाळीचे चिलखत’ म्हणावे. त्यातही प्रत्येक कडीची टोके एकावर एक ठेवून रिव्हेट मारलेली जाळी आणि नुसती टोके दाबून जुळवलेली जाळी यांत मोठा फरक आहे, कारण दुसरीची कडी नेटाच्या भोसकण्याने उघडते. त्यांना ‘रिव्हेटची’ आणि ‘दाबकडीची’ असे म्हणता येईल. दुसरा शब्द मी इथे घडवला आहे, हे नोंदवून ठेवतो.

जाळीच्या चिलखतासाठी मराठीकडे एक तयार शब्द आहे आणि तो नियमपुस्तिकेत यायलाच हवा: ‘मुका मार’. जाळीवर तलवारीचा वार सरकतो, पण गदेचा घाव बसला की कडी शाबूत राहते आणि बरगडी मोडते. रक्त नाही, जखम नाही, आणि माणूस मात्र गुडघ्यावर. म्हणूनच जाळीच्या खाली कापूस भरून टाचलेला जाड डगला घालत असत. इजेचे ‘वार’, ‘भोसक’ आणि ‘मुका मार’ असे तीन प्रकार केले, तर डगला, जाळी आणि पत्रा यांपैकी कोणता थर कशापासून वाचवतो, हे खेळाडूला कोष्टक न पाहताही उमगेल. अफझलखानाच्या भेटीला, नोव्हेंबर १६५९ मध्ये, शिवाजी महाराज अंगरख्याखाली जाळीचे चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घालून गेले होते, हे सर्वज्ञात आहे. वरून न दिसणारा थर हा नियम त्या एका प्रसंगातूनच सुचावा.

वर्गांच्या नावांत ‘हलके’ शब्द टाळावा, कारण ‘हलक्या प्रतीचे’ ही छटा त्याला लगेच चिकटते. वजनाचाही गैरसमज खेळांतून फार पसरला आहे: १५व्या शतकातील युरोपीय सरदाराचे डोक्यापासून पायापर्यंतचे पोलादी चिलखत साधारण १५ ते २५ किलो भरत असे, आणि ते सर्व अंगभर वाटलेले असल्यामुळे तो त्यात धावू शकत असे. जाळीचा अंगरखा याहून हलका असूनही खांद्यांवर लोंबतो, म्हणून कमरेला पट्टा आवळतात. तेव्हा वजनाचा नियम पोशाखावर न ठेवता माणसावर ठेवावा. बाजारबुणगे मागे ठेवून निघालेल्या फौजेला मराठीत ‘सडी फौज’ म्हणत. त्याच चालीवर अंगावर ओझे नसलेला वीर ‘सडा’ आणि ओझ्याने वाकलेला ‘बोजेल’ म्हणता येईल. जमिनीच्या व्यवहारातल्या ‘एन्कम्ब्रन्स’लाही आपण सातबाऱ्यावरचा ‘बोजा’च म्हणतो, आणि या खेळांतही इंग्रजी शब्द तोच आहे.

‘आर्मर क्लास’चे उत्तर त्या संज्ञेच्या इतिहासात सापडते. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या इंग्रजी भूमिकाखेळात तो खरोखर वर्ग होता: काहीच न घातलेला ९, नुसती ढाल घेतलेला ८, चामडे घातलेला ७, असे उतरत पत्र्याचे चिलखत आणि ढाल मिळून २, म्हणजे आकडा जितका लहान तितका बचाव पक्का. २००० सालच्या आवृत्तीपासून हा क्रम उलटला आणि तो हल्ला करणाऱ्याने फाशांनी गाठायचा आकडा झाला. आपल्या नियमांत मोठा आकडा चांगला असेल, तर ‘वर्ग’ किंवा ‘श्रेणी’ न म्हणता ‘गुणांक’, ‘निर्देशांक’ यांच्या धर्तीवर ‘कवचांक’ म्हणावे. इथे ‘कवच’ हाच शब्द योग्य ठरतो, कारण या आकड्यात पोशाख, ढाल, चपळाई आणि मंत्र असे सगळेच मिसळलेले असते. वस्तूला चिलखत आणि हिशेबाला कवच, एवढी वाटणी केली की सहकाऱ्याचा आक्षेप उरत नाही.

घोड्याच्या चिलखताविषयी आपण विचारलेले नाही, पण आपल्या मसुद्यातल्या यादीत ‘घोड्याचे चिलखत’ असे दिसले म्हणून लिहितो. त्याला ‘पाखर’ म्हणतात. ‘मायेची पाखर’ म्हणताना आपण रोज वापरतो ती हीच. क्रियापदे ‘चढवणे’ आणि ‘उतरवणे’ घ्यावीत, आणि ‘परिधान करणे’ दरबारातल्या प्रसंगांसाठी राखून ठेवावे.